गोव्यात नवीन आलात? पोरांना रोज तासभर घाम कसा गाळायला लावायचा

बदली होऊन, नोकरीसाठी किंवा पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकला कंटाळून गोव्यात राहायला आलेल्या आईबाबांचं एक वाक्य ठरलेलं असतं, आता काय टेन्शन नाय, पोरं रोज बीचवर खेळतील. सहा महिन्यांनी परत विचारा. बीच फक्त पाहुणे आले की, आणि बाकीच्या दिवशी पोरगं सोफ्यावर आडवं. यात पोरांचा दोष नाही आणि तुमचा पण फारसा नाही, इथला दिवसच वेगळ्या घाटाचा आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय कुठलाही क्लास लावला तरी दोन महिन्यांत बंद पडतो. म्हणून हे लिहितोय, ज्यांना इथलं काहीच माहीत नाही त्यांनी वरून खाली क्रमाने वाचत जा.

पहिलं काम: किती लागतं ते नीट माहीत करून घ्या

जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं सांगणं असं आहे की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी आठवड्याची सरासरी काढली तर रोज किमान ६० मिनिटं अशी हालचाल करावी ज्यात श्वास वाढतो, आणि आठवड्यातून किमान ३ दिवस त्यात जोराचं पळणं-उड्या आणि स्नायू-हाडांना ताण पडेल असं काहीतरी असावं. सरासरी हा शब्द लक्षात ठेवा कारण परीक्षेच्या आठवड्यात एखाद दिवस बुडाला म्हणून काही आभाळ कोसळत नाही. आणि ही ६० मिनिटं सलगच हवीत असं पण नाही, शाळेत मधल्या सुट्टीत १५ मिनिटं पकडापकडी खेळलं तर ती पण धरायची.

पाच वर्षांखालच्यांचा हिशोब वेगळा. १ ते ४ वर्षांच्या पिल्लांना दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी, म्हणजे रांगणं, चढणं, नाचणं, अंगणात कोंबडीमागे धावणं सगळं त्यात आलं, आणि ३-४ वर्षांच्या मुलांची त्यातली ६० मिनिटं जरा दमवणारी हवीत. दोन वर्षांखाली स्क्रीन शक्यतो नकोच आणि २ ते ४ मध्ये दिवसाला तासभर म्हणजे डोक्यावरून पाणी.

आता "श्वास वाढतो" म्हणजे नेमकं काय ते घड्याळं, बँड, अ‍ॅप काही न घेता कळतं. पोराबरोबर पणजीत आल्तिनोचा चढ चढा नाहीतर तुमच्या गावच्या देवळाच्या पायऱ्या, आणि चढताना त्याला शाळेतलं काहीतरी विचारा. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर मध्यम. एकेक दोन शब्दच तुटक बाहेर पडतायत, "थां... थांब ना... बाबा", तर जोराचं. आणि जर आरामात पूर्ण सिनेमाची स्टोरी सांगत चढत असेल तर त्याच्यासाठी तो नुसता फेरफटका आहे, चढायचा स्पीड वाढवा.

दुसरं: घरातलं घड्याळ बदला, बाकी सगळं नंतर

माझ्या मते हीच खरी गोष्ट आहे आणि यावरच सगळं अडतं. गोव्यात बहुतेक शाळा सकाळी पावणेआठ-आठला भरतात आणि दुपारी दीडच्या आसपास सुटतात. पुण्या-मुंबईतून आलेल्यांना वाटतं वा, अख्खी दुपार मोकळी. मग होतं काय, पोर दोनला घरी, हुमण-भात (माशाची आमटी आणि भात) दाबून जेवण, मग झोप आणि ती झोप साडेचार-पाचपर्यंत जाते, उठल्यावर चिडचिड, चहा-बिस्कीट, पाच ते सात ट्यूशन, बाहेर बघतो तर अंधार. डिसेंबरात तर सहा वाजता सूर्य गेलेला असतो. दिवसाची चांगली वेळ ट्यूशनने खाल्ली.

म्हणून ट्यूशन लावतानाच सांगायचं की अडीच-तीन ते साडेचारची बॅच द्या नाहीतर सातनंतरची. पाच ते साडेसहा ही वेळ कोणालाही द्यायची नाही, ट्यूशनवाल्या मॅडमला नाही, ड्रॉइंग क्लासला नाही आणि तुमच्या बाजारहाटाला पण नाही. पाचच का, तर ऊन उतरलेलं असतं, इथली दमट हवा एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये चार वाजता पण अंग भाजून काढते, आणि मेन म्हणजे वाड्यावरची (म्हणजे आपल्या वस्तीतली) बाकीची पोरं पाचलाच बाहेर येतात. एकट्याने तासभर कोण खेळणार हो? दुपारची झोप मोठ्या मुलांना अर्ध्या तासाची पुरे. ती लांबली की रात्री अकरापर्यंत टकाटक जागी, आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना २४ तासांत ९ ते १२ तास झोप लागते, सकाळच्या शाळेला साडेसहाला उठायचं तर नऊ-साडेनऊला लाइट बंद झालेच पाहिजेत.

ज्यांच्याकडे आईबाबा दोघं सातला घरी येतात त्यांनी सकाळ पकडायची की नाही, यावर लोक वाद घालतात. मला सकाळचं फार पटत नाही, साडेसहाला उठवून पळवलेलं पोर शाळेत पेंगतं. त्यापेक्षा शेजारच्या काकींना, आजोबांना सांगून ठेवा, पाचला दार उघडून बाहेर सोडा म्हणजे झालं. गोव्यात वाड्यावर अजून लोक एकमेकांच्या पोरांवर नजर ठेवतात, फ्लॅटवाल्या कॉलनीत हे जरा जमवून आणावं लागतं.

तिसरं: जागा शोधा, आणि पैसे न देता

क्लासची चौकशी करायच्या आधी एक संध्याकाळ नुसती चक्कर मारा. देवळासमोरचं पटांगण, चर्चजवळचं मैदान, पंचायतीचं किंवा सरकारी शाळेचं ग्राउंड, यातलं एक तरी चालत जाण्याच्या अंतरावर निघतंच. आणि एक खास इथली गोष्ट, भातकापणी झाली की ज्या शेतात वायंगण (हिवाळ्यातलं दुसरं पीक) लावत नाहीत ती शेतं पावसाळा येईपर्यंत पोरांचीच. दोन बांबू इकडे दोन तिकडे रोवले की झालं फुटबॉलचं मैदान, पलीकडच्या कोपऱ्यात क्रिकेट. शेतमालक सहसा काही बोलत नाही पण आपण नवीन, एकदा जाऊन विचारलेलं बरं.

शहरात असाल तर पणजीला कांपालचं ग्राउंड आणि बाजूचं चिल्ड्रन्स पार्क, आल्तिनोला जॉगर्स पार्क, म्हापशाला पेडेचं क्रीडा संकुल, मडगावला फातोर्डा, ही नावं कोणीही सांगेल. २०२३ मध्ये ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यातच झाल्या, त्यामुळे बऱ्याच ठिकाणचे हॉल आणि मैदानं सुधारलीत, पण मुलांना कुठलं किती वाजता खुलं असतं हे गेटवर जाऊन विचारा, फोनवरची माहिती बऱ्याचदा जुनी निघते.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. मैदानावर कोणीतरी ओरडतो "खेळपाक येता रे?" आणि तुमचं पोर मान हलवून घुसतं, महिन्याभरात घरी येऊन कोकणीत भांडायला लागतं. लाजरं असेल तर पहिले चार-पाच दिवस तुम्ही बॉल घेऊन बरोबर जा. बॉल तुमचा असला की टीममध्ये जागा आपोआप मिळते, हा नियम सगळीकडे सारखाच.

चौथं: सुरुवात हळू

वर्षभर बसून राहिलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी तासभर पळवलं तर दुसऱ्या दिवशी पाय दुखले म्हणून बसणार आणि तिसऱ्या दिवशी पोटात दुखणार. पहिला आठवडा २० मिनिटं, त्याला जे आवडेल ते. लगोरी, विटीदांडू, डबा ऐसपैस, सायकल, काहीही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वेळ वाढवत न्या. जाड मुलांना "पळ, वजन कमी होईल" असं चुकूनही म्हणू नका, ते पोर मैदानाकडे शिक्षा म्हणूनच बघायला लागतं. वजनाची शंका असेल तर डॉक्टरांकडे जाऊन वाढीच्या तक्त्यावर बीएमआय बघून घ्या. मोठ्यांचा बीएमआयचा आकडा मुलांना तसाच्या तसा लावत नाहीत, वय आणि मुलगा-मुलगी बघून तक्ता बदलतो, त्यामुळे शेजारणीने "बारीक झालाय गं" म्हटलं किंवा "गुटगुटीत आहे" म्हटलं तर दोन्ही सोडून द्या.

आणि बाहेर म्हणजे उघड्यावर, जिममधल्या ट्रेडमिलवर नाही. दिवसाच्या उजेडात जास्त वेळ राहणाऱ्या मुलांना लांबचं न दिसण्याचा चष्मा लागायची शक्यता कमी होते, डोळ्याचे डॉक्टर आता हे ठामपणे सांगतात. पाच वाजताच्या वेळेचा हा अजून एक फायदा.

पाचवं: क्लास, कोच वगैरे

महिना-दोन महिने मोकळं खेळून झालं, पोराला एखादी गोष्ट आवडते असं दिसलं, मग क्लास. गोव्यात फुटबॉल सोडून सुरुवात करणं अवघडच, धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स ही नावं इथे घराघरात, आपल्या ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे गोलकीपर आणि कॅप्टन होते हे पोराला जरूर सांगा. गोवा फुटबॉल डेव्हलपमेंट कौन्सिलची गावोगावी सेंटर्स आहेत, जवळचं कुठलं ते फुटबॉल खेळणारा वाड्यावरचा कोणताही मोठा मुलगा सांगेल. पोहण्यासाठी कांपालचा तलाव आहे. बॅडमिंटन, टेबल टेनिस, जिम्नॅस्टिक्स, तायक्वांदो हे शहरात मिळतं, तालुक्याच्या ठिकाणी कमी.

कोचकडे गेल्यावर फी विचारायच्या आधी हे बघा. अर्धा तास बाजूला उभे राहा, मोबाईल खिशात. एका वेळी किती मुलं नुसती रांगेत उभी आहेत? वीस मुलं रांगेत आणि एक जण किक मारतोय असं असेल तर तासाच्या क्लासमध्ये तुमचं पोर जेमतेम पाच मिनिटं हलणार. चांगला कोच बॉल वाटून टाकतो, चार-चारच्या टीम करून छोट्या जागेत खेळवतो. पाणी प्यायला ब्रेक देतो का, मुलीला पण तेवढाच वेळ बॉल मिळतो का, हरलेल्याला ग्राउंडच्या राउंड मारायला लावतो का, हे सगळं अर्ध्या तासात कळतं. पळणं ही शिक्षा असेल तिथे फी भरू नका.

एकाच खेळात दहाव्या वर्षापासून रोज तीन-तीन तास घालणारे आईबाबा वाढलेत आजकाल. बालरोगतज्ज्ञ एक सोपा अंदाज देतात, आठवड्यातले कोचिंगचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत, म्हणजे ९ वर्षांच्या मुलाला आठवड्याला ९ तासांच्या वर नाही, आणि आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी. मोठ्या मुलांच्या बाबतीत गोवा बोर्डात स्पोर्ट्सचे मार्क मिळतात म्हणून दहावीला अचानक मैदान आठवणारे पण आहेत, असो.

सहावं: पावसाळा

इथेच नवीन लोकांचा निकाल लागतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस सुरू होतो तो सप्टेंबरपर्यंत, शेतं पाण्याखाली, मैदानाचा चिखल, कपडे वाळत नाहीत. चार महिने पोर घरात बसलं तर वर्षाचा एक तृतीयांश गेला की.

रिमझिम पावसात फुटबॉल खेळू द्या, इथली पोरं खेळतातच आणि भिजल्याने कोणी आजारी पडत नाही, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कोरडे कपडे एवढं पुरे. विजा चमकायला लागल्या की मात्र लगेच आत, झाडाखाली नाही. पायाला जखम असेल तर साचलेल्या चिखलात उतरवू नका, उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोचा ताप इथे पावसात असतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, जास्त करून सकाळी आणि मावळायच्या आधी, म्हणजे नेमकं आपल्या खेळायच्या वेळी, म्हणून पायभर पँट आणि उघड्या भागाला डासांचं क्रीम.

मुसळधार असेल तेव्हा घरातच. दोरीच्या उड्या गॅलरीत, जिन्याचे चढ-उतार, जुन्या घरात राहत असाल तर सोप्यावर पकडापकडी. दोरीच्या उड्यांना कमी लेखू नका, हाडं मजबूत व्हायला असे ठोके लागतातच आणि ती मजबुती वयात येतानाच्या वर्षांत सगळ्यात जास्त भरते.

पण पावसाळ्याचं खरं उत्तर फुगडी. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की गावात बायकांच्या फुगडीच्या प्रॅक्टिस सुरू होतात, देवळाच्या मंडपात नाहीतर कोणाच्या तरी मोठ्या हॉलमध्ये, तिथे मुलीला नेऊन सोडा, लहान असेल तर मुलाला पण. दोघींनी हात कैचीसारखे धरायचे, पायाचे अंगठे एकमेकांना टेकवायचे, अंग मागे टाकायचं आणि गरागरा. बघायला गंमत वाटते पण करून बघा, मनगटाची पकड, दंड, पोट, पोटऱ्या सगळं ताणलेलं असतं आणि तोंडाने फू फू करत ताल धरायचा म्हणजे श्वासाचा वेगळाच व्यायाम. बसफुगडीत उकिडवं बसून एकेक पाय पुढे फेकायचा, ती तर धडधाकट माणसाला मिनिटभर जमत नाही, मांड्या पेटतात. वर सांगितलं ना आठवड्यातून ३ दिवस स्नायूंना ताण हवा, तो इथे गाणं म्हणता म्हणता पडतो. शिवाय तुमची मुलं गावात मिसळतात ते वेगळं. पुढे शिगम्याला (इथली होळी) रोमटामेळाच्या, म्हणजे ढोल-ताशावर नाचत निघणाऱ्या मिरवणुकीच्या, सरावात मुलगे असेच घामाघूम होतात, तेही सोडू नका.

सातवं: समुद्र

समुद्र हे पोहायला शिकायचं ठिकाण नाही. पोहायला तलावात शिकवायचं, समुद्रात नंतर. किनाऱ्यावर जीवरक्षक असतात, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे पाण्यात उतरायचं, नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात पाय पण नाही. जून ते सप्टेंबर समुद्र बंद समजायचा. संध्याकाळी जीवरक्षकांची ड्युटी संपली की आपलं पण पाणी बंद. आणि पोर पोहायला शिकलेलं असलं तरी आत ओढणाऱ्या प्रवाहात किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नसतं, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकून मग बाहेर यायचं आणि हात वर करून बोलवायचं, हे त्याला पाठ करवून घ्या. छोटं पोर पाण्यात असेल तर मोठा माणूस हाताच्या अंतरावर, फोटो काढायला खुर्चीवर नाही. बंद खाणींचे पाणी भरलेले खड्डे, पावसातले धबधबे, नदीचे कोंड, यांना सरळ नाही म्हणायचं.

वाळूचा मात्र पुरेपूर वापर करा. ओहोटीला मिरामार, कोलवा अशा ठिकाणी ओली घट्ट वाळू लांबवर उघडी पडते, अनवाणी फुटबॉलला याहून चांगली जागा नाही. कोरड्या भुसभुशीत वाळूत पळणं बरंच जास्त दमवतं, लहानांना पाच मिनिटं पुरे. भरती-ओहोटीची वेळ मोबाईलवर बघून निघा. रविवारी सायकली घेऊन जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीने दिवाडी, तिथले रस्ते शांत आहेत, हेल्मेट मात्र घालायचं.

खाणंपिणं थोडक्यात

खेळायच्या तासभर आधी हलकं काहीतरी, केळं, पोईबरोबर (इथला पाव) अंडं, किंवा नाचणीचं तिजण. हे तिजण शेजारच्या आजीकडून शिकून घ्या, नाचणी, नारळाचा रस आणि गूळ, पोरं आवडीने खातात. दर २० मिनिटांनी चार-पाच घोट पाणी, तहान लागायची वाट बघू नका कारण इथल्या दमट हवेत घाम सुकत नाही आणि अंग थंड होत नाही. रंगीत स्पोर्ट्स ड्रिंकची तासाभराच्या खेळाला काहीही गरज नाही, कोकम सरबत किंवा शहाळं आहे की. उन्हात खेळताना डोकं दुखणं, मळमळ, चक्कर आली की लगेच सावली, ओलं फडकं, पाणी, आणि त्या दिवशी खेळ बंद. पोर बरळायला लागलं किंवा अंग तापलंय आणि नीट उत्तर देत नाही तर घरगुती उपाय न करता सरळ १०८ लावा.

दुखणी आणि डॉक्टर

इथली चिऱ्याची लाल खडबडीत जमीन म्हणजे गुडघे सोललेच समजा. वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम धुवायची, त्यात अडकलेले खडे काढायचे, हळद-कॉफी पावडर काही भरायचं नाही. धनुर्वाताचा डोस १० आणि १६ व्या वर्षी असतो, तो दिलाय का ते कार्डावर बघा. कडक जमिनीवर लांब स्टडचे बूट घालून खेळणाऱ्या ८ ते १४ वर्षांच्या मुलांच्या टाचा दुखतात, उंची भराभर वाढते तेव्हा हे जास्त होतं, काही आठवडे पळणं कमी करून बिनस्टडचे, टाचेखाली मऊ असलेले बूट दिले की बहुतेक वेळा बरं वाटतं. गुडघ्याच्या वाटीखाली दुखरी गाठ आली तर तीही बऱ्याचदा अशाच वाढीतली, तरी एकदा दाखवून घ्या. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सुजलेला सांधा, लंगडणं असेल तर वाट बघू नका.

दमा आहे म्हणून कोणाला खेळ बंद करू नका, डॉक्टरांना विचारून खेळायच्या आधीचा पंप ठरवून घ्या आणि तो पंप कोचच्या बॅगेत असू द्या, घरच्या कपाटात नाही. पण खेळताना छातीत दुखलं, पोर पळता पळता बेशुद्ध पडलं, किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक हृदय बंद पडून गेलं असेल, तर आधी हृदय तपासून घ्यायचं, ईसीजी आणि डॉक्टर सांगतील ते, आणि त्यांनी हो म्हणेपर्यंत मैदान थांबवायचं. हे कोचला पण लिहून द्या, कारण मॅचच्या दिवशी कोणी तोंडी सांगितलेलं लक्षात ठेवत नाही.